सावरीचं पोट

सातव्या महिन्यातली बाई खुर्चीवरून उठताना पोटाला हात लावत नाही. ती आधी पावलं मागे ओढते, गुडघे थोडे फाकवते, एक तळवा मांडीवर दाबते, दुसरा पाठीमागे टेकवते, क्षणभर श्वास धरते आणि मग उठते. पोटावर अलगद हात ठेवून, मान किंचित कलती करून उठतात त्या फक्त कॅलेंडरवरच्या बायका.

मी पुन्हा एकदा कॅलेंडरवरच्या बाईसारखी उठले तेव्हा सुकरीने कपाळाला हात लावला.

“परत बसा, ताई. सत्यनारायणाचा प्रसाद धरल्यासारखं काय धरता? पोट कुठं पळून जात नाय.”

“माझं जातं,” मी म्हणाले.

आणि खरंच, माझं पोट डाव्या कुशीकडे सरकलं होतं. जुन्या लुगड्याच्या कापडाची ती पिशवी सुकरीनेच शिवली होती आणि तिच्यात तिच्या वाडीतल्या सावरीच्या झाडाचा कापूस भरला होता. दोन्ही बाजूंना बांधायला नाड्या. शिवण चोख होती, पण कापसातलं बी तिने काढलं नव्हतं. मिऱ्याएवढं काळं बी. चालताना टोचायचं.

“आमच्या उश्या अशाच असतात,” ती म्हणाली. “बी काढत बसले तर तुमचं बाळंतपण पुढच्या वर्षावर जाईल.”

तिचं स्वतःचं पोट मात्र खरं होतं.

या गोष्टीला अठरा वर्षं झाली. रायगड जिल्ह्यातल्या डोंगराकडच्या एका तालुक्यात आम्ही एक अभ्यास करत होतो. तालुक्यात कातकरी लोक थोडे. पण बाळंतपणात दगावणाऱ्या बायकांमध्ये कातकरी बायका पुष्कळ. असं का, म्हणून विचारलं की सगळीकडे एकच उत्तर मिळे: त्या दवाखान्यात येतच नाहीत. आमच्या प्रमुखांना, देवस्थळी सरांना, हे उत्तर जरा जास्तच सोयीचं वाटे. “येत नाहीत हे ऐकलं,” ते म्हणायचे. “आल्या तर काय होतं, तेही बघू या की.”

त्यासाठी त्यांनी बसवलेली पद्धत अशी होती. दोन गरोदर बायका एकाच सकाळी एकाच दवाखान्यात जाणार. एकमेकींना अनोळखी. एक कातकरी, दुसरी माहेरपणाला आलेली, शहरातली, पांढरपेशा घरातली. दोघींची तक्रार शब्दाला शब्द सारखी: डोकं दुखतं, पायांना सूज वाटते, मधूनच डोळ्यांपुढे अंधारी येते. इतक्या दिवसांच्या गरोदर बाईने असं सांगितलं तर डॉक्टरने आधी रक्तदाब बघायचा असतो, यात कुणाचं दुमत नाही. कातकरी बाई नेहमी आधी आत शिरणार, दुसरी तिच्यामागून. मग कुणाला काय मिळालं ते आम्ही टिपायचं. जिल्ह्याच्या वरिष्ठांची लेखी परवानगी होती. वर्षभरात कधीतरी असे पाहुणे येतील, असं सगळ्या डॉक्टरांना कळवलंही होतं. त्या परवानगीची प्रत माझ्या पर्समध्ये असे.

मी संख्याशास्त्रातली. आकडे आले की माझं काम सुरू. शहरातली बाई म्हणून सरांनी नाट्यस्पर्धांत बक्षिसं मिळवलेली एक नटी पुण्याहून आणली होती. पहिल्याच दवाखान्यात डॉक्टरांनी “काय होतंय?” असं विचारलं आणि तिला राहवलं नाही. तिने असा टाहो फोडला की दोन माणसं स्ट्रेचर घेऊन धावली आणि तिला थेट बाळंतपणाच्या खोलीत घेऊन गेली. त्याच संध्याकाळी ती पुण्याच्या गाडीत बसली. सरांनी कार्यालयात इकडेतिकडे पाहिलं. कार्यालयात मी होते आणि एक टेबलफॅन होता.

सुकरीचं उलट झालं. ती त्याच तालुक्यातली, कातकरीच, आश्रमशाळेत बारावीपर्यंत शिकलेली. दाखल्यावर नाव शर्मिला मुकणे, पण शुक्रवारी जन्मलेली म्हणून घरीदारी सुकरी. कामाला लागली तेव्हा तिलाही पिशवीच बांधायची होती. तयारीत महिने गेले आणि तेवढ्यात तिला दिवस गेले. मी म्हटलं, आता तुझ्याऐवजी दुसरं कुणी बघू, तुला दगदग नको.

“का?” ती म्हणाली. “आता तर माझा कापूस पण वाचला.”

सर हसले, म्हणजे मी हरले. रोज निघण्याआधी तिचा रक्तदाब मी बघणार, एवढी अट मात्र मी घातली. त्यापलीकडे मला काही येतही नव्हतं.

थोडक्यात, माझं पोट खोटं होतं आणि तिची डोकेदुखी खोटी होती. बाकी सगळं खरं होतं.

पहिल्या दिवशी तिला घ्यायला मी जीप घेऊन वाडीवर गेले. पोट बांधूनच गेले होते, सवय व्हावी म्हणून. सुकरीची सासू, चंद्री, अंगणात तांदूळ पाखडत होती. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“अगो बाय! परवा आली तेव्हा तर सपाट होती.”

“कापूस आहे,” सुकरी आतून म्हणाली.

“नवरा?”

“नवरा पुण्याला आहे. तो खरा आहे.”

चंद्रीने सूप खाली ठेवलं आणि माझ्याकडे अपिलात जावं तशी वळली. “ताई, तुम्हीच सांगा हिला. माझी सहा झाली, सगळी ह्या झोपडीत. सोमी सुईण हाकेवर आहे. हिला काय नवं झालंय?”

सुकरीचा नवरा लहू कुडाला टेकून उभा होता. वीटभट्टीचा हंगाम तोंडावर आला होता. “बाजाराच्या दिवशी मुकादमाचा ट्रक येणार, ताई,” तो म्हणाला. “हिला मागं ठेवून मी कसा जाऊ? भट्टीवर चार बायका असतात की. तिथं पण होतात पोरं.”

“आणि दवाखाना?” मी विचारलं.

आम्ही तिघांनी सुकरीकडे पाहिलं. ती चपलेचा तुटका अंगठा पिनेने जोडत होती.

“बघू,” ती म्हणाली.

हा शब्द मी नंतर रोज ऐकला. सकाळी तिच्या दंडाला पट्टा बांधताना विचारलं की “बघू.” जीपमध्ये विचारलं की “बघू.” तिच्या बघूचा आलेख काढला असता तर कागदभर एक सपाट रेघ आली असती.

तिच्या गप्प बसण्याचं कारण मला ठाऊक होतं. तिची थोरली बहीण बुधी. बुधीला कळा लागल्या त्या घरीच. बाळाचा हात आधी बाहेर आला तेव्हा घरातल्यांनी दवाखान्यात धाव घेतली. त्या दवाखान्याने दुसऱ्याकडे पाठवलं, आणि दुसऱ्याच्या दारात रिक्षा थांबली तेव्हा बुधी राहिली नव्हती. रिक्षात तिचं डोकं मांडीवर घेऊन सुकरी बसली होती. त्यामुळे सासूने घर म्हटलं तरी ती गप्प आणि मी दवाखाना म्हटलं तरी गप्प. फक्त बाजाराचा दिवस जवळ येत होता. त्या दिवशी काही ठरलं नसेल तर ट्रक ठरवणार होता.

आम्हा दोघींचा पहिला दवाखाना खासगी. आम्ही कागदांवर कुणाचंच नाव घालत नव्हतो, नुसती अक्षरं. सुकरीला अक्षरं पटत नसत. तिने त्याचं नाव ठेवलं माशांचा दवाखाना, कारण बसायच्या खोलीत काचेच्या पेटीत रंगीत मासे होते.

ठरल्याप्रमाणे ती आधी आत गेली. मी मागून पोचले तेव्हा ती दाराजवळ उभी होती आणि काउंटरवरची मुलगी तिला सांगत होती, “चपला बाहेर. कागद आहेत का? नाहीत? मग थांब तिकडे.”

मग मुलीला मी दिसले.

“या ना मॅडम. इथे पंख्याखाली बसा. पाणी देऊ?”

माझ्या पायांत सँडल होत्या. त्यांच्याबद्दल कुणी काही बोललं नाही. शेजारच्या आजीबाईंनी सरकून जागा दिली, पदराच्या गाठीतून आवळासुपारी काढून हातावर ठेवली आणि प्रेमाने विचारलं, “कितवा?”

“तिसावा आठवडा असावा,” मी म्हणाले. “एखादा आठवडा कमी-जास्त.”

आजीबाई विचारात पडल्या. माशांच्या पेटीपलीकडून सुकरीला ठसका लागला.

आत मलाच आधी बोलावलं. डॉक्टर फार गोड माणूस. माझी तक्रार ऐकून त्यांनी लगेच रक्तदाब पाहिला, लघवी तपासायला लिहून दिली, पुण्यात कुठे राहता ते विचारलं. पोट तपासायची वेळ आली तेव्हा मी पाठ केलेलं वाक्य म्हटलं: “मिस्टर सोबत नाहीत, उद्या त्यांना घेऊन आले तर चालेल का?”

“अगदी चालेल,” डॉक्टर म्हणाले. “तुमच्या सोयीने या.”

सुकरीला त्यांनी बोलावलं तेव्हा बाहेर दुसरं कुणी उरलं नव्हतं. ती टेबलाच्या अलीकडे आणि डॉक्टर पलीकडे. तक्रार तीच. शब्द तेच. “भट्टीवर उन्हात राबता, डोकं दुखणारच,” डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी गोळ्यांची चिठ्ठी टेबलावरून पुढे सरकवली. रक्तदाबाचं यंत्र त्यांच्या कोपराशीच होतं. ते जागचं हललं नाही.

जीपमध्ये बसल्यावर मी तक्ता काढला.

“लिहा,” सुकरी म्हणाली. “आधी तुम्हाला. मंग माशांना खायला टाकलं. मंग मला.”

“मासे कुठल्या रकान्यात घालू?”

“तुमच्या आणि माझ्या मधी.”

मग ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, “रात्री तिथं डॉक्टर नसतो. आयाला विचारलं मी. कुलूप असतं.”

“हे आपल्याला विचारायचं नाहीये, सुकरी.”

“नसू दे.”

मला वाटलं, मुलीला कामात रस आहे. कौतुक वाटलं आणि थोडी काळजीही, कारण ठरल्यापेक्षा जास्त विचारणारी बाई संशय ओढवून घेते.

दुसरा दवाखानाही खासगीच. तिथली फरशी इतकी गुळगुळीत होती की माझं पोट मला तिच्यात उलटं दिसत होतं. तिथे सुकरीला बसायला स्टूल मिळालं. ती उठल्यावर एका बाईने ते ओल्या फडक्याने पुसलं. मी उठले त्या खुर्चीला कुणी फडकं लावलं नाही. डॉक्टरीणबाईंनी तिला दारातच विचारलं, “कितवं?”

“पहिलंच.”

“पहिलंच? वाटत नाही गं.” आणि तिला टॉनिक लिहून दिलं.

माझ्या वाट्याला मात्र रक्तदाब, वजन, आहाराचा छापील कागद आणि “तुमच्या सोयीने या.”

जीपमध्ये मी तक्ता उघडला. सुकरी म्हणाली, “बघा, माझ्यामुळं त्यांचं स्टूल तरी चमकलं.” आणि थोड्या वेळाने: “मागच्या दारी गाडी उभी असते त्यांची, पेशंट न्यायची. तिचं चाक पंक्चर आहे. गवत वाढलंय चाकात. तिथल्या नळाला पण पाणी नाय.”

“तू मागच्या दारी कशाला गेली होतीस?”

“लघवीला.”

“नळाला पाणी, गाडीचं चाक, रात्रीचं कुलूप. यांतलं काहीही आपल्या तक्त्यात नाही,” मी म्हणाले.

“तक्ता तुमचा आहे,” ती म्हणाली.

बाजाराच्या आदल्या दिवशी आम्ही सरकारी ग्रामीण रुग्णालयात गेलो. त्या सकाळी चंद्रीने सुकरीचं बोचकं बांधून दाराशी ठेवलं होतं. घरी राहिली तर उलगडायचं, ट्रकात बसली तर उचलायचं. मी बोचक्याकडे पाहिलं आणि सुकरीकडे पाहिलं.

“बघू,” ती म्हणाली. मी विचारलंही नव्हतं.

रुग्णालयाच्या व्हरांड्यात नळ टपटपत होता. नळाखाली बादली, बादलीला टेकून एक कुत्रं झोपलेलं. बाकावर बायका ओळीने बसल्या होत्या. सुकरी टोकाला जाऊन बसली, मी तिच्या पलीकडे. आतून एक आवाज येत होता. मासळीबाजारात लिलाव पुकारावा तसा.

“गोळ्या खिडकीतून टाकतेस ना? मग खिडकीखालच्या पपईचं रक्त वाढलं असेल. तुझं कसं वाढेल?”

बाकावरच्या बायका हसल्या. सुकरी माझ्याकडे न बघता पुटपुटली, “काय गो हा आवाज.” आम्ही एकमेकींना अनोळखी होतो, म्हणून मी कुत्र्याकडे बघत राहिले.

कामवाल्या मावशी बाहेर आल्या. ओळीवरून त्यांची नजर फिरत माझ्यापाशी थांबली. माझी साडी, माझी पर्स.

“अहो मॅडम, तुम्ही कशाला ओळीत? या, आत या.”

इथपर्यंत सगळं नेहमीसारखं. मी उठले, तळवा मांडीवर, दुसरा हात पाठीमागे, अगदी बरोबर.

“मावशी!” आतला आवाज. “आता कुणाचा नंबर?”

“एक कातकरीण आहे. पण ह्या मॅडम आहेत, त्या पुण्याच्या...”

“कोण आधी आलं?”

“कातकरीण.”

“मग तीच. बंदरात आधी लागेल ती होडी आधी रिकामी होते. मॅडमना म्हणावं बसा.”

मी इतक्या झटकन बसले की पोट पुन्हा डावीकडे गेलं.

दाराला नुसता पडदा होता. आतलं सगळं ऐकू येत होतं. सुकरीने तक्रार सांगितली. मग रक्तदाबाच्या यंत्राची फुसफुस. मी गेले काही दिवस ती फुसफुस ऐकण्यासाठी कान टवकारून बसत होते, आणि आता ती ऐकू आल्यावर काय करायचं ते मला कळेना.

“बीपी ठीक आहे. पाय दाखव. सूज कुठंय गो? बरं. वर चढ, झोप. पाय दुमड.” मग टेबल दोनदा करकरलं. “आधी कुणी तपासलं होतं पोट?”

“नाय.”

“दाखवलंच नाहीस कुठं?”

“दाखवलं दोन ठिकाणी. हात नाय लावला कुणी.”

“हात नाही लावला? मग काय दारातनं दर्शन घेतलं?” आवाज चढला आणि लगेच खाली आला. “हे बघ. बाळ आडवं आहे.”

मी पर्सचा पट्टा घट्ट धरला. बुधीच्या बाळाचा हात आधी आला होता, म्हणजे तेही आडवंच होतं. इतके दिवस मी रोज सकाळी सुकरीच्या दंडाला पट्टा बांधत होते आणि तिच्या पोटात ते तसं आडवं पडलेलं होतं. दोन दवाखान्यांनी तिला गोळ्या दिल्या होत्या, टॉनिक दिलं होतं.

“रडायचं काम नाही,” आवाज म्हणाला. “सातव्यात पोरं लोळतात, त्यांना जागा असते. फिरेल. पण नवव्यातही लोळत राहिलं तर घरी नाही, रानात नाही, कुठंच बाळंत व्हायचं नाही. पंधरवड्याने परत ये. आली नाहीस तर वाडीवर येऊन ओरडेन, सगळ्यांदेखत.”

सुकरी बाहेर आली. नियमाप्रमाणे तिने सरळ जीपकडे जायचं होतं. ती बाकावर येऊन बसली.

डॉक्टर तांडेल साठीकडे झुकलेल्या, बुटक्या, अंगाने भरलेल्या होत्या. केसांत अबोलीचा गजरा, गळ्यात स्टेथोस्कोप. गाव कुठलं ते विचारावं लागू नये, असा त्यांचा बोलण्याचा सूर होता. कोळीवाड्यातला.

“नाव?”

“सौ. वंदना जोगळेकर.”

मी तक्रार सांगितली. त्यांनी माझा रक्तदाब घेतला. “थोडा जास्त आहे,” त्या म्हणाल्या. तो जास्त असणारच होता. “झोपा.”

“डॉक्टर, मिस्टर सोबत नाहीत. पोट उद्या तपासलं तर...”

“पोट तुमचं का मिस्टरांचं?”

या प्रश्नाचं उत्तर आम्ही बसवलेलं नव्हतं.

“झोपा, झोपा. बाहेर ओळ आहे.”

मी झोपले. उभ्याने बरं दिसणारं माझं पोट आडवं झाल्यावर चपटलं आणि एका कडेला जाऊन बसलं. डॉक्टरांनी साडीवरूनच हात ठेवला. हात थांबला. मग दुसऱ्या बाजूला गेला. मग त्यांनी बोटांनी दाबलं आणि आत काहीतरी बारीक कुरकुरलं. त्यांनी डोळे मिटले. मी छतावरची पाल बघत होते. पालही माझ्याकडे बघत असावी.

“बाय,” डॉक्टर फार शांतपणे म्हणाल्या, “तुझं बाळ कुठल्या झाडाचं गो?”

“सावरीचं,” मी म्हणाले.

“तेच म्हणते. बी लागतंय हाताला. आजीच्या उशीत असंच टोचायचं.” आणि मग तो आवाज सुटला. “मावशी! दार लावा! नको, राहू दे उघडं, बघू दे सगळ्यांना! उशी घेऊन आलीय ही बाई, सातव्या महिन्याची उशी!”

व्हरांड्यातली ओळ पडद्याशी आली. कुत्रंही आलं. मी उठून बसले, पर्समधून परवानगीचं पत्र काढलं आणि पुढे केलं. डॉक्टरांनी चष्मा चढवून ते सबंध वाचलं.

“म्हणजे माझी परीक्षा होती.”

“हो.”

“आणि कॉपी करताना तुम्ही सापडलात.”

“हो.”

“ती मघाची पण तुमचीच? तिचं पण झाडाचंच?”

“नाही, नाही. तिचं खरं आहे. डोकेदुखी खोटी.”

“सूज?”

“ती पण.”

“आणि बाळ आडवं, ते?”

“ते,” मी म्हणाले, “आमच्या तक्त्यात नाही.”

डॉक्टरांनी पत्राची घडी घातली, माझ्या हातात दिली आणि पडद्याकडे बघून हाक मारली, “ये गो, तू पण ये आत!”

सुकरी आली. आम्ही दोघी शाळेत अंगठे धरायला उभं करावं तशा शेजारी शेजारी उभ्या राहिलो. माझं पोट आता माझ्या हातात होतं.

“तुम्ही एवढ्या शिकलेल्या,” डॉक्टर मला म्हणाल्या, “आणि सातव्या महिन्यातल्या पोरीला जीपमधून आदळत फिरवता? लाज नाही वाटत? आणि तू गो? नसलेलं डोकं दुखतंय म्हणून सांगतेस? उद्या खरंच दुखलं तर कोण ऐकेल तुझं? तुला नाही लाज वाटत?”

मी खाली मान घातली. सुकरीने घातली नाही. ती माझ्याकडे वळली आणि हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, “ताई, लिहा. दोघींना सारखंच ओरडली.”

बाहेर कुणीतरी हसलं. डॉक्टरही हसणार होत्या, पण त्यांनी ते गजरा सारखा करण्यात घालवलं.

“बरं, ओरडणं पुरे,” त्या म्हणाल्या. “कुठं बाळंत होणार तू?”

उत्तर मला पाठ होतं. ते माझ्या ओठांवर येऊनही बसलं होतं. पण सुकरीने ‘बघू’ म्हटलं नाही. तिने टेबलाकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं, पडद्याच्या फटीतून दिसणाऱ्या नळाकडे पाहिलं.

“रात्री कोण असतं इथं?”

“मी. मागच्या क्वार्टरमध्ये राहते.”

“तुम्ही नसाल तर?”

“सिस्टर असते. ती माझ्याहून मोठ्याने ओरडते.”

“गाडीच्या चाकात हवा आहे?”

डॉक्टर चक्रावल्या. “आहे. का गो?”

“नाय, बघितली मी येताना. पण विचारलेलं बरं.” मग तिने डॉक्टरांच्या हाताकडे बोट केलं. “आणि तुम्ही सगळ्यांच्याच पोटाला हात लावता?”

“मग काय कपाळाला लावू?”

कुलूप, चाक, नळ, रात्रीची डॉक्टर. जीपमध्ये मी ज्याला ज्याला ‘तक्त्यात नाही’ म्हटलं होतं, ते सगळं एकाएकी माझ्यासमोर ओळीने उभं राहिलं. मी तिच्याकडे वळले.

“सुकरी, तू इतके दिवस...”

“मंग? तुमच्याबरोबर काय मासे बघायला येत होते?” ती म्हणाली. तिने एक हात पाठीमागे टेकवला, श्वास धरला आणि बाहेरच्या शेवटच्या बाईपर्यंत पोचेल अशा आवाजात सांगितलं, “उद्या ट्रकात लहू एकटा बसेल. मी भट्टीवर जाणार नाय, आणि सासूला सांगा, सोमीला पण बोलवायचं नाय. तुमचा अभ्यास तुम्ही करा, ताई. माझा झाला. मी इथं बाळंत होणार.”